साडूचं घड्याळ आणि माझी अंगठी

साडूच्या घड्याळाची किंमत कळली त्या संध्याकाळी मी दोनदा जेवलो, असं ही म्हणते. मला आठवत नाही. मला आठवतो तो फक्त फोनवरचा साडूचा आवाज. "अहो साडूभाऊ, घड्याळवाल्यानं मागचं झाकण उघडून बघितलं. केस सोन्याची निघाली. अख्खी." आणि मग त्यानं आकडा सांगितला. मी "अरे वा, छान झालं" म्हणालो. एवढं म्हणायला मला जे कष्ट पडले ते माझं मला ठाऊक. तो आकडा इथे सांगत नाही, उगाच जीव जळतो. आमच्या घरच्या मापात सांगायचं तर ते घड्याळ दोन ओट्यांचं होतं.

हे माप समजावून द्यायला हवं. आमच्या स्वयंपाकघरातला ओटा आधीच्या मालकानं बांधून घेतला होता. त्याची बायको ताडमाड असणार. ही उंचीनं बेताची. एकोणीस वर्षं ती खांदे उचलून स्वयंपाक करते आहे, आणि आता उजवा खांदा खाली यायलाच तयार नाही. डॉक्टरांनी तपासून औषध दिलं नाही, "ओटा खाली घ्या" म्हणून सांगितलं. गवंड्यानं येऊन खर्चाचा अंदाज दिला. तो ऐकून मी "पुढच्या वर्षी बघू" म्हणालो, आणि ते पुढचं वर्ष आमच्याकडे पाचदा आलं. पण गवंड्याचा तो आकडा डोक्यात पक्का बसला. तेव्हापासून मी सगळ्या मोठ्या खर्चांची किंमत ओट्यात करतो. शेजाऱ्यांची सहल पाऊण ओट्याची. आतेभावाचा नवा सोफा एक ओटा आणि वर नळ.

तर सासरे गेले, आणि त्यांच्या टेबलाच्या खणात एक कागद सापडला. त्यावर स्वच्छ अक्षरात तीन ओळी होत्या. घड्याळ थोरल्या जावयांना. अंगठी धाकट्या जावयांना. विजेचं बिल भरलेलं आहे.

धाकटा मी. त्या कागदावर मी किती विचार केला असेल म्हणून सांगू. घड्याळ आधी का लिहिलं? वयाच्या क्रमानं, की मायेच्या? माणूस सुचेल तसं लिहितो की विचार करून? विजेचं बिल तिसरं होतं, तेवढाच दिलासा. माझ्या खाली कोणीतरी होतं.

माझा साडू वाईट माणूस नाही, हीच खरी अडचण आहे. वाईट असता तर मी केव्हाच सुखी झालो असतो. तो मोटार शिकवण्याची शाळा चालवतो. तीस वर्षांत त्यानं अर्ध्या गावाला गाडी शिकवली आहे, त्यामुळे अर्धं गाव त्याला "सर" म्हणतं. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर आहे. मला लोक "अहो, शुक शुक" म्हणतात. सासऱ्यांकडे गेलो की साडूसाठी खिडकीजवळची वेताची खुर्ची आणि माझ्यासाठी दाराजवळचं स्टूल, ही व्यवस्था कोणी ठरवली कोण जाणे, पण ती वीस वर्षं टिकली. मी एकदा लवकर जाऊन त्या खुर्चीत बसलो होतो. सासरे म्हणाले, "तिचा पाय जरा हलतो, तुम्ही इकडे बसा." साडू आला तेव्हा खुर्चीचा पाय बरा झाला होता.

म्हणून अंगठी हातात आली तेव्हा मी हिला सांगून टाकलं, "अंगठी विकू आणि तुझा ओटा करू." ही काही बोलली नाही. आमच्याकडे न बोलणं म्हणजे होकार, असं मी धरून चालतो. पण खरं सांगायचं तर ओटा होईलच, एवढ्यानं माझं भागणार नव्हतं. ती अंगठी दोन ओट्यांच्या वर जायला हवी होती. सासऱ्यांनी मला काय किमतीचा धरला होता, ते मला एकदाचं कळायला हवं होतं.

अंगठी तशी दणदणीत. जाड सोनं, वर वाटाण्याएवढा लालभडक खडा, आणि खड्याखाली सोन्याचं बंद कोंदण, म्हणजे मागून बघितलं तर नुसतं सोनं. सासऱ्यांच्या बोटात मी ती जन्मभर पाहिली. माणिक असणार हे मी स्वतःच ठरवलं होतं. पण विकायची तर आधी ओळख पटवून किंमत काढून घ्यावी, नाहीतर सराफ टोपी घालतो, एवढं शहाणपण मला आहे. मी सुरुवात घराजवळून केली. माझी चूक एवढीच की घराजवळून केली, घरातून नाही.

समोरच्या वहिनींनी अंगठी उजेडात धरली आणि सांगितलं, "माणिकच. माझ्या मावसबहिणीच्या सासूकडे अगदी असाच होता."

"मग त्याची किंमत काय आली?"

"तो खोटा निघाला."

मी अंगठी परत घेतली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांनी शाळेत पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आणि शाळा सुटली तरी त्यांचं शिकवणं सुटलेलं नाही. ते पायजम्यावर भिंग घेऊनच आले. आधी त्यांनी खड्यावर फुंकर मारली. वाफ लवकर गेली, म्हणजे खरा. मग जिभेला लावला. गार लागला, म्हणजे खरा. मग आपण कोणाच्या घरात आहोत याचा विचार न करता त्यांनी आमच्या कपाटाच्या काचेवर तो खर्रकन ओढला. काचेवर वीतभर चरा उठला. "बघा," मास्तर म्हणाले, "काच कापली. काचेचा असता तर कापली असती का?" मला इतका आनंद झाला की कपाटाला आता नवी काच लागेल हे ध्यानातच आलं नाही.

शेवटी मास्तरांनी पाण्याचा प्रयोग काढला. पेलाभर पाणी, दोऱ्याला टांगलेली अंगठी आणि स्वयंपाकघरातला तराजू. कोणा शास्त्रज्ञानं म्हणे आंघोळ करता करता हे शोधून काढलं. ही ओल्या हातांनी दारात आली आणि म्हणाली, "अहो, ती पाण्यात—"

"थांब गं जरा, प्रयोग चाललाय," मी म्हणालो.

ती थांबली. अंगठी पाच मिनिटं पाण्यात राहिली, मास्तरांचं गणित दोनदा चुकलं, म्हणून ती आणखी दहा मिनिटं राहिली. बाहेर काढून पुसली तेव्हा खड्याच्या एका कोपऱ्यात आत करडा डाग दिसत होता. आधी तो नव्हता. निदान मी तरी पाहिला नव्हता. मी घाबरून तो बोटानं दाखवला, पण मास्तरांचा चेहरा उजळला. "खोट दिसली," ते म्हणाले. "निसर्गाच्या खड्यात खोट असतेच. कारखान्यातला बिनखोट असतो. आता शंकाच नको." हे ऐकून मला माझ्या साडूची आठवण झाली. त्याच्यात कधी खोट सापडत नाही. तोही कारखान्यातलाच असणार.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी सराफाकडे गेलो. सराफानं अंगठी काळ्या दगडावर घासली, थेंब टाकला, सोनं चांगलं आहे म्हणाला. मग तिचं वजन केलं आणि त्यातून भलं मोठं काहीतरी वजा केलं.

"हे काय वजा केलंत?"

"खडा."

"अहो, खडा वजा कसा? तोच तर मुख्य."

"आमच्याकडे सोन्याची खरेदी असते. खड्याचं आम्ही धरत नाही. तुमचा खडा मोठा आहे, म्हणून सोनं कमी भरतं. लहान असता तर तुमचा फायदा होता."

म्हणजे ज्या खड्याच्या आकारावर मी आठवडाभर फुगत होतो तो माझ्या विरुद्ध बाजूला बसला होता. सराफानं सांगितलेल्या पैशांत ओट्याचं नुसतं सिंक आलं असतं. "खड्याचे पैसे हवेत तर तपासणीचा दाखला आणा," त्यानं सांगितलं आणि लॅबचा पत्ता दिला.

त्या लॅबच्या खिडकीमागे चष्मेवाल्या एक बाई होत्या. त्यांनी अर्ज पुढे केला. मी भरला. त्यांनी वाचला.

"वस्तूची पावती?"

"वारशानं आली आहे."

"कोणाकडून?"

"सासऱ्यांकडून."

"मग तुमची कशी?"

मी तीन ओळींचा कागद दाखवला. त्यांनी विजेच्या बिलाची ओळ दोनदा वाचली. "हे खणात सापडलेलं चिठोरं झालं. मृत्यूचा दाखला आणा, आणि वारसांचं हरकत नसल्याचं पत्र आणा. वारस कोण?"

"आम्ही दोन जावई."

"जावयांचा काय संबंध? मुलगे, मुली कोण आहेत?"

"सासूबाई आधीच गेल्या. दोन मुली."

"मग त्यांच्या सह्या."

अठ्ठावीस वर्षं मी आवक-जावकच्या टेबलावर बसून लोकांना "एक कागद कमी आहे" असं सांगत आलोय. त्या बाई ते माझ्यापेक्षा चांगलं सांगत होत्या, हे मान्य करावं लागेल. चष्म्यावरून बघायचं मला कधी सुचलं नव्हतं.

हिची सही घरात मिळाली. तिनं पत्र वाचलं, पेन मागितलं, सही केली आणि आत निघून गेली. शाई वाळायच्या आत मी पत्र उचललं. मेव्हणीच्या सहीसाठी मात्र साडूच्या घरी जाणं आलं.

साडूनं दार उघडलं तो मनगट पुढे करूनच. घड्याळ त्याला शोभत होतं, हे मी नाइलाजानं सांगतो. त्याचे हातही तसे आहेत, रुंद, केसाळ. माझ्या मनगटावर ते घड्याळ लोंबलं असतं, हा विचार माझ्या मनात आला आणि मला स्वतःचा राग आला. मेव्हणीनंही पत्र वाचून न बोलता सही केली. बोलला तो साडूच. "लॅबमध्ये? मी येतो ना. तुम्ही एकटे कुठे हेलपाटे घालणार?" मी नको म्हणालो. तो म्हणाला, संकोच करू नका. मी संकोच करत नव्हतो, पण साडूला सरळ नको म्हणायची सोय आपल्या भाषेत नाही.

लॅबमध्ये त्याला पाहताच चष्मेवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या. "सर, तुम्ही?" त्यांनी त्याच्याकडेच गाडी शिकली होती. घाटातली गाडी मागे कशी घ्यायची हे सरांनी जसं शिकवलं तसं कोणी शिकवत नाही, असं त्यांनी मला सांगितलं. त्या उलट्या घाटाच्या आठवणीत दहा मिनिटं गेली. खुर्ची एकच होती. ती कोणाला मिळाली ते सांगायची गरज नाही. मी अंगठीचा मालक, कागदपत्रांसकट, भिंतीला टेकून उभा होतो. मृत्यूचा दाखला त्यांनी पाहिलासुद्धा नाही. "सर आहेत ना बरोबर," म्हणाल्या. तो दाखला मिळवायला मी दोन रजा घालवल्या होत्या.

तासाभरानं बाई अहवाल घेऊन आल्या. "बंद कोंदणातला लाल खडा. मागून उजेड जात नाही, त्यामुळे खात्रीनं काही सांगता येत नाही. पण काम फार जुनं दिसतंय. माझं ऐकाल तर उघडू नका. जुन्या वस्तूंचे एक व्यापारी आहेत, त्यांना आहे तशी दाखवा."

"बरोबर," साडू म्हणाला. "उघडू नका, साडूभाऊ."

आता प्रामाणिकपणे सांगतो. नुसत्या बाई म्हणाल्या असत्या तर मी उघडली नसती. पण साडू म्हणाला. ज्यानं स्वतःच्या घड्याळाचं झाकण आधी उघडून घेतलं, आत सोनं आहे याची खात्री केली, गावभर फोन केले, तो मला सांगतोय उघडू नका. का बरं? कारण आत माणिक निघालं तर घड्याळ मागे पडेल. बसस्टॉपपर्यंत पोचेतो माझी पुरती खात्री पटली होती. साडूला मी "बरं, बघू" म्हणून वाटेला लावलं आणि तसाच उलटा फिरून सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात शिरलो. तिथे एका जिन्याखाली एक म्हातारा कारागीर बसतो.

कारागिरानं अंगठी डोळ्याला भिंग लावून पाहिली आणि मग भिंग काढून मला पाहिलं. "उघडायची?"

"हो."

"नक्की?"

"हो म्हटलं ना."

"घरी विचारलंय?"

या प्रश्नाचा मला रागच आला. मी काय शाळेतला मुलगा होतो? "अंगठी माझी आहे," मी म्हणालो, "आणि कागदपत्रं बरोबर आहेत." त्याला कागद दाखवू लागलो तर त्यानं हातानंच राहू द्या म्हटलं. मग त्यानं एक बारीक टोकाचं हत्यार घेतलं, कोंदणाच्या कडेवर हळूहळू फिरवलं आणि अंगठी पांढऱ्या फडक्यावर उपडी केली. टप असा आवाज झाला.

फडक्यावर पाण्याच्या थेंबासारखं काहीतरी पडलं होतं. लाल काही नव्हतं.

"खडा कुठे गेला?" मी विचारलं.

"हाच खडा."

"अहो, तो लाल होता."

त्यानं अंगठी सुलटी करून माझ्यापुढे धरली. कोंदणाच्या तळाशी कागदापेक्षा पातळ, लाल, चकचकीत पन्नी चिकटवलेली होती. एका कोपऱ्यात पाणी शिरून ती करडी पडली होती, आणि आत्ता हत्याराच्या टोकानं मधोमध फाटली होती. "पांढऱ्या खड्याखाली रंगीत पन्नी घालून वरून बंद करायचे," कारागीर म्हणाला. "असं बसवणारे हात आता राहिले नाहीत. मलाही येत नाही." मी त्याला परत आहे तसं करा म्हणालो. त्यानं आपली हत्यारं आवरायला घेतली.

लॅबच्या बाईंनी सुटा खडा दोन मिनिटांत ओळखला. साधा स्फटिक. त्याच्या किमतीत ओट्याच्या नळाचा वायसर आला असता, चांगल्या प्रतीचा नव्हे. "उघडू नका म्हटलं होतं ना," असं त्या चष्म्यावरून म्हणाल्या. या खेपेला खुर्ची रिकामी होती, पण मला कोणी बसा म्हटलं नाही.

तरीही मी त्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे गेलो. जखम झाली की माणूस खपली काढून बघतोच. त्यानं अंगठी, पन्नी आणि खडा टेबलावर ओळीनं मांडले आणि फाटलेली पन्नी चिमट्यानं उजेडात धरली. मग म्हणाला, "उघडायच्या आधी का नाही आणलीत?"

"आणली असती तर?"

त्यानं आकडा सांगितला. खड्याला किंमत नव्हती, पन्नीला नव्हती. किंमत होती ती बंद कोंदणाला, शे-दीडशे वर्षं न उघडलेल्या कामाला. मी मनात भागाकार केला. तीन ओटे. साडूच्या घड्याळापेक्षा एक ओटा जास्त. म्हणजे सासऱ्यांनी मला वरचढ दिलं होतं आणि मी ते स्वतःच्या हातानं, पैसे मोजून, फोडून घेतलं होतं. जन्मभर मी साडूचा हेवा केला, पण त्या दुकानात मला ज्या माणसाचा हेवा वाटला तो मीच होतो, आठवड्यापूर्वीचा. बंद अंगठी खिशात घालून फिरणारा तो मूर्ख किती श्रीमंत होता.

घरी येईपर्यंत मी तीन थापा तयार केल्या होत्या. ही ओट्याशी उभी होती, नेहमीसारखी, खांदे कानाशी नेऊन. मी एकही थाप मारली नाही. रुमालाची गाठ सोडून तिन्ही वस्तू तिच्यापुढे ठेवल्या आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. साडूचं म्हणणं मोडायला म्हणून अंगठी उघडली, हेही सांगितलं. "तुझा ओटा मी घालवला," मी म्हणालो.

तिनं हात पुसले आणि तो पांढरा खडा उचलून तळहातावर घेतला.

"हा पांढरा आहे, हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"सात वर्षांची होते तेव्हापासून. बाबा आंघोळीला जाताना अंगठी काढून माझ्या मुठीत द्यायचे. सांगायचे, पाण्याला लावायची नाही, हिचा रंग खाली आहे. ते बाहेर येईपर्यंत मी मूठ उघडायची नाही. रोज."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कधी? समोरच्या वहिनींना विचारलंत. मास्तरांना विचारलंत. सराफाला, लॅबला, जिन्याखालच्या म्हाताऱ्याला. लॅबमध्ये तर पैसे भरून विचारलंत. मी पाण्याचं सांगायला आले तर तुमचा प्रयोग चालला होता."

मी रुमालाची घडी घालायला घेतली. मला वाटलं संपलं. पण ती खड्याकडे बघतच बोलत राहिली, आवाज न चढवता.

"रोज माझ्या मुठीत असायची, आणि कागदावर नाव तुमचं. ताईच्या घड्याळावर भाऊजींचं. बाबांना वाटलं असेल, जावयाला दिलं की मुलीला पोचलं. मला महिनाभर तुमचा हेवा वाटतोय. रात्रंदिवस वाटतोय. तुम्ही ती खिशात घालून निघालात की मी खिडकीतून वळणापर्यंत बघत राहायची. आणि तुम्ही भाऊजींच्या घड्याळापायी जेवणात लक्ष देत नव्हतात. मी सही करून दिली, तेव्हा एकदा तरी माझ्या तोंडाकडे बघायचंत."

आमच्या घरात हेवा करायचं काम इतकी वर्षं माझ्याकडेच आहे, असं मी समजत होतो. तिच्याकडे त्याचा एवढा साठा असेल, आणि तोही माझ्याबद्दल, ही गोष्ट मला नवी होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझा हेवा केला होता, आणि मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं.

"अंगठी विकायची नाही," ती म्हणाली. "ती माझी आहे."

"तुझीच," मी म्हणालो.

"आणि ओटा तुम्ही करून द्यायचा. तुमच्या पगारातून."

"देतो."

"पुढच्या वर्षी नाही."

"सोमवारी."

त्या दुपारी दोन्ही बहिणी फोनवर तासभर बोलल्या. काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण त्याचा परिणाम रविवारी दिसला. मेव्हणी आमच्याकडे आली ती घड्याळ घालून. पट्टा सैल पडत होता, म्हणून तिनं ते पार कोपराजवळ चढवलं होतं. मागून साडू आला, रिकाम्या मनगटानं. त्या मनगटावर एक फिकट पट्टा उरला होता आणि तो शर्टाची बाही ओढून झाकायला बघत होता. मला जे वाटलं ते चांगल्या माणसाला वाटू नये, पण मला वाटलं.

हिनं कारागिराकडून तो पांढरा खडा आहे तसाच, मागून उघडा, बसवून घेतला होता आणि खाली दोरा गुंडाळून अंगठी मधल्या बोटात घातली होती. दोघी बहिणी स्वयंपाकघरात गेल्या. गवंडी दुसऱ्या दिवशी यायचा होता म्हणून ओटा रिकामा करून ठेवला होता. त्या खाली फरशीवरच बसल्या. आम्ही दोघं जावई बाहेरच्या खोलीत, सारख्या उंचीच्या दोन खुर्च्यांवर.

आतून हसण्याचा आवाज आला. मेव्हणी म्हणत होती, "आठवतं? घड्याळाला किल्ली देताना बाबा एका पायावर उभे राहायचे." ही म्हणाली, "आणि शीळ घालायचे. आई ओरडायची तरी घालायचे." मग दोघींपैकी कोणीतरी ती शीळ घालून दाखवली आणि पुन्हा हसणं, आणि मग नाक ओढल्याचा आवाज.

साडूनं माझ्याकडे पाहिलं. "सासरे शीळ घालायचे?" त्यानं हळूच विचारलं.

"मला काय माहीत."

"मी वीस वर्षं रविवारचा त्यांच्याकडे बसलोय. मला कधी ऐकवली नाही."

"मलाही नाही."

त्याला माहीत नव्हतं. वेताच्या खुर्चीत बसूनसुद्धा त्याला माहीत नव्हतं. त्या महिन्यात मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

आत दोघी पुन्हा बोलायला लागल्या होत्या, पण हलक्या आवाजात, आणि इथवर शब्द पोचत नव्हते. साडूनं इकडेतिकडे पाहिलं, खोकला, आणि आपली खुर्ची न उचलता हळूच स्वयंपाकघराच्या दाराकडे सरकवली. मी थोडा वेळ थांबलो. मग मी माझी खुर्ची उचलली आणि त्याच्या वीतभर पुढे नेऊन ठेवली.